पाणी बघायला गेलेली बाई

आज पहाटे पाचला अब्बासभाईंचा फोन आला. "उगवला गो बाय," एवढंच म्हणाले. मी म्हणाले, "बघितला की!" साफ खोटं. मी झोपले होते. पण सत्तरीच्या माणसानं पहाटे गच्चीवर जाऊन तारा शोधायचा आणि आपण जांभई देऊन त्याचा विरस करायचा, हे मला जमत नाही.

तारा म्हणजे सुहैल. कुवेतमधली जुनी माणसं त्याची जेवढी वाट बघतात तेवढी आपल्याकडं दिवाळसणाच्या जावयाचीही कुणी बघत नसेल. सप्टेंबर लागला की पहाटे दक्षिणेला, अगदी क्षितिजाला टेकून तो दिसतो. तो दिसला की उन्हाळ्याची रग उतरली म्हणायचं. दिवस तसे भाजतच असतात, पण सकाळी खिडकी उघडली तर वारा थोबाडीत मारत नाही. यालाच आपण अगस्ती म्हणतो, हेही मला इथं आल्यावर कळलं, आणि तेही अब्बासभाईंकडून. ते मुरुडकडचे, कोकणी मुसलमान. वडील गलबतावर तांडेल, त्यामुळं घरात ताऱ्यांची नावं नातेवाइकांसारखी घेतली जायची. आमच्या मिरजेच्या घरात सगळे पत्रिका बघायचे. मान वर करून आकाश कुणी बघितल्याचं मला आठवत नाही.

मी इथं पुष्कळ सुहैल बघितले, काही झोपेतही. पण नव्वदचा आणि एक्क्याण्णवचा, हे दोन माझ्या डोक्यात वेगळे निघतच नाहीत. माझ्या लेखी तो एकच मोसम आहे, मध्ये एक वर्ष अडकलेला. फोन ठेवला की तो वास येतो नाकात. स्पिरिटचा, जळक्या तेलाचा, आणि कुठून तरी शेवाळलेल्या पाण्याचा.

मी लॅब टेक्निशियन, म्हणजे सोप्या भाषेत रक्त काढणारी. सरकारी इस्पितळात, बिनखिडकीच्या खोलीत, एक खुर्ची, एक टेबल आणि समोर एक भिंत. त्या भिंतीवर मी एका जुन्या कॅलेंडरचं सप्टेंबरचं पान चिकटपट्टीनं चारी कोपऱ्यांत डकवलं होतं. पान व्हेनिसचं. त्यात लांबुडकी होडी नाही, राजवाडा नाही, टोपीवाला नावाडी नाही. हिरवं अरुंद पाणी, दोन्ही बाजूंना पोपडे उडालेली घरं, आणि या खिडकीतून त्या खिडकीत बांधलेल्या दोरीवर वाळत घातलेले कपडे. दोन चादरी, एक गंजीफ्रॉक आणि एक लाल पट्ट्यांचा टेबलावर घालायचा कपडा.

रक्त काढताना माणसाला सुईकडं बघू द्यायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. सुई बघितली की हात आखडतो, शीर पळते. म्हणून मी दंडाला रबर बांधलं की म्हणायची, "शूफ हनाक!" तिकडं बघा. आणि माणसं तिकडं बघायची. मिस्त्री बघायचे, शिक्षक बघायचे, शुऐबाच्या कारखान्यातले हेल्मेटवाले बघायचे, जलीबच्या खोल्यांतून आलेले आपले एकटे-दुकटे गडी बघायचे. सहा वर्षं मी दिवसाला पन्नास माणसं व्हेनिसला पाठवत होते. स्वतः मात्र सुईकडं बघत बसले होते.

हे माझ्या लक्षात आणून दिलं उम्म नासरनं. उम्म नासर म्हणजे नासरची आई. इथं बायांना थोरल्या मुलाच्या नावानंच ओळखतात. साठीची, पायघोळ काळ्या अबायातली, बोटांची टोकं मेंदीनं लाल. मधुमेहामुळं दर पंधरा दिवसांनी यायची आणि तिची शीर सापडणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. शोधाशोध चालू असताना ती चित्रावर टीका करायची. "पाण्यावर कपडे वाळत घातलेत! वाळतील का कधी? वास मारतील." हे दर पंधरा दिवसांनी. नव्वदच्या वसंतात एकदा मात्र तिनं मान वळवून माझ्याकडंच बघितलं.

"तू गेलीयेस का तिथं?"

"नाही."

"सहा वर्षं मला पाठवतेस आणि स्वतः गेली नाहीस? ऐब!"

ऐब म्हणजे लाज वाटू दे. मी हसले, तिच्या दंडावर कापूस दाबला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. पण ते 'ऐब' घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं.

मी सदतिसाची होते. आईवडील गेलेले, लग्न झालेलं नव्हतं. जमलं नाही, जमवलं नाही, काय म्हणायचं ते म्हणा. मिरजेत थोरला भाऊ अण्णा, वहिनी आणि त्यांची दोन पोरं. आखातात काम करणाऱ्याची सुट्टी त्याची स्वतःची नसते, हे ज्यानं ती काढली आहे त्याला सांगायला नको. सुट्टीच्या दोन महिने आधी गावाकडून पत्र येतं आणि पत्राच्या पाठीमागं यादी असते. जाड फुलाफुलांचं ब्लँकेट, अत्तर, टॉर्च, केशर, बदाम, शेजारच्या काकूंना साबणाच्या वड्या, वहिनीच्या माहेरी काहीतरी 'फॉरेनचं'. मग खोक्यात सगळं कोंबायचं, नायलॉनच्या दोरीनं करकचून आवळायचं, चारी बाजूंनी रंगानं नाव लिहायचं. मिरजेला पोचलं की महिनाभर खोकी फोडायची, आल्यागेल्याला चहा द्यायचा आणि एखाद्या बिजवराचं स्थळ ऐकून घ्यायचं. परत आले की मी आठवडाभर नुसती झोपायची. ही माझी सुट्टी.

त्या जुलैत मी अण्णाला लिहिलं, या वर्षी येत नाही, दहा दिवस व्हेनिसला चाललेय, एकटी. उलट टपाली उत्तर आलं. 'कुणाबरोबर? कशाला? आणि पाणीच बघायचं असेल तर आपली कृष्णा काय आटली आहे?' पत्र उलटं केलं तर पाठीमागं यादी होतीच. मला हसूही आलं आणि असा संताप आला म्हणता, की मी त्या दिवशी उठून बाजारात गेले आणि चालायचे पांढरे कॅनव्हासचे बूट विकत घेतले.

सुट्टीच्या अर्जात कारणाचा रकाना असतो. आतापर्यंत मी तिथं आईचं आजारपण, पुतण्याची मुंज, आईचं वर्षश्राद्ध असं काय काय लिहिलं होतं. ऑफिसातल्या कारकुनानं विचारलं, "फॅमिली आहे तिकडं?" नाही. "ट्रेनिंग?" नाही. "मग कशाला?" मला म्हणायचं होतं, अशीच. अरबीत त्याला 'बस, चिदी' म्हणतात. तसं म्हणाले. त्यानं अर्ज ओढून घेतला आणि आपल्या हातानं रकान्यात लिहिलं, वैद्यकीय तपासणी. बाईमाणूस अशीच कुठं जाते, हे त्याच्या पेनातून उतरेना.

पण व्हिसा झाला. सप्टेंबरच्या मध्याचं तिकीट झालं.

आणि दोन ऑगस्टला सकाळी रस्त्यावर रणगाडे होते.

त्या दिवसांबद्दल लोक मला विचारतात तेव्हा त्यांना धडाडधूम हवं असतं. ते होतंच. पण मला आठवतात ते नाके. घरापासून इस्पितळापर्यंत चौदा मिनिटांचा रस्ता आणि त्यावर पाच नाके. प्रत्येक ठिकाणी सैनिक, प्रत्येकाचा एकच प्रश्न, "वेन रायहा?" कुठं चाललीस? आणि पुढं केलेला हात, बताका दाखव. बताका म्हणजे इथलं ओळखपत्र, प्लॅस्टिकचं, फोटो चिकटवलेलं. तो उलटा-सुलटा बघायचा, "हिंदिया?" म्हणायचा, आणि हिंदुस्थानातली म्हटल्यावर, "रूही." जा. त्रास असा दिला नाही मला कुणी, खोटं कशाला बोलू? पण पहिल्या आठवड्यात हात थरथरायचा, दुसऱ्यात थरथरायचा बंद झाला, आणि तिसऱ्यात मागायच्या आधीच बताका पर्समधून बाहेर यायला लागला. थांबायचं, नजर खाली, दोन्ही हातांनी कार्ड पुढं. शरीर शिकलं. माझं मन मोठं बंडखोर असेल, शरीर मात्र शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखं शहाणं निघालं. याचा राग मला आजही आहे.

ऑगस्टअखेर आपली माणसं बसनं बसऱ्याकडं आणि तिथून पुढं अम्मानला निघाली. अम्मानहून विमान. अब्बासभाई आमच्या इस्पितळाचे ड्रायव्हर. एका सकाळी ते लॅबच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाय, उद्याच्या बसला तुझं नाव घातलंय. एकच बॅग घे."

"काढा ते नाव."

"येडी का काय गो तू?"

"तुम्ही चाललाय का?"

"माझी ॲम्ब्युलन्स कोन चालवील?"

"मग रक्त कोण काढील? तुम्ही?"

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली. "तुझ्या भावाला काय जवाब देव मी? त्यानं अम्मानहून परतलेल्या बसवाल्याच्या हाती निरोप पाठवलाय, बहिणीला बसवून द्या म्हनून."

"सांगा, बहीण नाक्यावर अडकलीय."

लोकांना पुढं वाटलं की मी रुग्णांसाठी थांबले. वाटू दे. थोडं खरंही आहे, लॅबमध्ये आम्ही नऊ जण होतो ते तीन उरलो होतो. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती ती अण्णाच्या मायेची. मी एक बॅग घेऊन, अंगावरच्या कपड्यांनिशी मिरजेच्या स्टेशनवर उतरले असते, तर अण्णा रडला असता. वहिनीनं दृष्ट काढली असती. कुणी यादी मागितली नसती, कुणी टोमणा मारला नसता. आणि त्या मायेत मी अशी बसले असते की पुन्हा 'मला अमुक ठिकाणी जायचंय' हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं. जीव वाचलेल्या माणसानं आणखी काही मागायचं नसतं, असा एक नियम असतो. तो कुणी बोलून दाखवत नाही. मला तो मोडायचा होता. मला जीवही हवा होता आणि व्हेनिसही.

तिकिटाचा दिवस उजाडला. अब्बासभाईंनी आधीच्या आठवड्यातच सुहैल उगवल्याची वर्दी दिलेली. मी कपाटातून पांढरे बूट काढले, घातले आणि ड्युटीवर गेले. पाच नाके, पाच वेळा कुठं चाललीस, पाच वेळा 'मुस्तश्फा', इस्पितळात. विमानतळावरून कुणाचंच विमान उडत नव्हतं, त्यामुळं माझं चुकलं असं तरी कसं म्हणायचं?

त्याच दिवशी दुपारी तापानं फणफणलेला एक सैनिक रक्त द्यायला आला. बंदूक त्यानं गुडघ्यांमध्ये धरली होती. मी सवयीनं म्हणाले, "शूफ हनाक." तो बघायला लागला आणि बघतच राहिला. कापूस लावून झाला तरी उठेना. मग उठला, भिंतीपाशी गेला आणि चित्र सरळ उचकटलं. घडी घालून खिशात कोंबलं.

माझं डोकं फिरलं. मी ओरडले, तेही चक्क मराठीत. "ठेव ते! ठेव तिथं! माझी सुट्टी आहे ती!"

त्याच्या हातात बंदूक होती, माझ्या हातात रबराची पट्टी. दारात उभ्या अब्बासभाईंचा चेहरा पांढराफटक पडलेला मला अजून दिसतो. तो सैनिक माझ्याकडं बघून हसला, "मजनूना," म्हणाला, वेडी बाई, आणि निघून गेला. भिंतीवर चिकटपट्टीचे चार तुकडे राहिले. अब्बासभाई आत येऊन स्टुलावर बसले आणि पाणी मागितलं. "एका कागदापायी मरशील गो," म्हणाले. मी म्हणाले, "कागद गेला ना? आता मी जाऊनच दाखवते." 

हिवाळ्यात बाँबहल्ले झाले. मग तेलाच्या विहिरी पेटल्या. भरदुपारी कंदील लावून काम केलं, रुमाल झटकला तर काजळी पडायची. शेवटी शेवटी नळ कोरडे पडले तेव्हा बादल्या, पातेली, पेले, फुलदाणी, जे सापडेल ते भरून ठेवलं होतं, त्यावर दिवस काढले. फेब्रुवारीच्या शेवटी सगळं संपलं. रस्त्यावर लोक नाचत होते आणि वर आकाश डांबरासारखं. त्या सगळ्यात ऑगस्टपासून न दिसलेली उम्म नासर मात्र परत आली नव्हती. कुणी म्हणे, सगळं कुटुंब पहिल्याच आठवड्यात खैरानच्या बाजूनं सौदीत गेलं. कुणी म्हणे, नासरला धरून नेलं. तिचं इन्सुलिन कुठं मिळत असेल, हा विचार मला भात टाकताना यायचा.

फोन सुरू झाल्यावर अण्णाचा आवाज कितीतरी महिन्यांनी ऐकला. तो रडला, मीही रडले. मग मी सांगितलं, सप्टेंबरात व्हेनिसला चाललेय.

"अगं, तू शुद्धीवर आहेस का? युद्धातून वाचली बाई घरी येते. देवाला जाते. लोक काय म्हणतील? युद्धातून वाचली आणि पाणी बघायला गेली!"

"म्हणू देत की."

"आपली कृष्णा..."

"कृष्णा कुठं पळून जात नाही, अण्णा. दिवाळीत येते मी. यादी मात्र पाठवू नकोस."

त्यानं फोन आपटला. त्या वर्षी दिवाळीला मी गेले तेव्हा वहिनी माझ्याशी बोलली, तो दोन दिवस बोलला नाही. गेल्या महिन्यात त्याच अण्णाचा फोन आला होता. त्याची धाकटी नोकरीतून सुट्टी काढून एकटीच कुठंतरी डोंगरात चाललीय. "तू सांग तिला काहीतरी," म्हणाला. मी तिला बूट कुठल्या मापाचे लागतात ते विचारून घेतलं.

एक्क्याण्णवचा सुहैल दिसला नाही. विहिरी अजून धुमसत होत्या, दक्षिणेकडं नुसती काळी भिंत. अब्बासभाई तरीही सकाळी फोन करून म्हणाले, "उगवला गो बाय." मी म्हटलं, "कुठं दिसला तुम्हाला?" तर म्हणाले, "दिसला नाय. पन आजचा दिवस त्याचा, म्हंजे तो आलाच असंल. धुराला विचारून थोडाच येतो तो?" महिनाअखेरीला विमानतळावर त्यांनीच सोडलं. सुट्टीच्या अर्जात कारणाच्या रकान्यात मी आडवी रेघ मारली होती. त्या वर्षी कुणी कुणाला कारणं विचारत नव्हतं.

व्हेनिसच्या स्टेशनातून बाहेर पडलं की समोर रस्ता नाही, पायऱ्या आहेत, आणि पायऱ्यांखाली पाणी. मी पायरीवर बसले ती तासभर उठलेच नाही. वास अगदी मिरजेच्या घाटावरचा, शेवाळाचा, थोडा कुजका. अण्णाला पटलं असतं. पण आवाज वेगळा. हॉर्न नाही, ब्रेक नाही, इंजिनं फक्त होड्यांची. हळूहळू ध्यानात आलं की या गावात चाक असं नाहीच. गल्ल्या दोन माणसं अंग चोरून जातील एवढ्या, आणि प्रत्येक पुलाला पायऱ्या. म्हणजे इथं जीप चढणार नाही. इथं रणगाडा शिरूच शकत नाही! या शोधानं मला जो आनंद झाला तो तिथल्या एकाही देवळानं, एकाही चित्रानं दिला नाही. बाकीचे प्रवासी घुमट बघत होते, मी पुलांच्या पायऱ्या मोजत होते.

उतरले होते ते एका म्हातारीच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी ती खोली झाडायला आली आणि दारातच थांबली. टब काठोकाठ भरलेला, बेसिन भरलेलं, पेला भरलेला, दात घासायचा कपही भरलेला. आल्या आल्या मी हे सगळं भरून ठेवलं होतं आणि मला पत्ताही नव्हता. म्हातारीनं खिडकीकडं बोट केलं. खाली कालवा वाहत होता. आम्ही दोघी पोट धरून हसलो, भाषा एकीची दुसरीला येत नसताना.

पण त्याच दिवशी संध्याकाळी जे झालं त्यावर मला हसू आलं नाही.

ऊन कलतं झालं होतं. एका लहानशा पुलाच्या तोंडाशी दोन गणवेशातले शिपाई कठड्याला टेकून गप्पा मारत होते. एकाच्या हातात खाण्याचा कागदी पुडा. मी चालत आले आणि त्यांच्यासमोर थांबले. नजर खाली. पर्स उघडली. दोन्ही हातांनी बताका पुढं केला.

तो बिचारा गोंधळला. पुड्याचे तेलकट हात पुसून त्यानं कार्ड घेतलं, वरची अरबी अक्षरं बघितली, माझा फोटो बघितला, कार्ड उलटं केलं, सोबत्याला दाखवलं. दोघांनी खांदे उडवले. मग त्यानं ते परत माझ्या हातात दिलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत, लहान पोराला सांगावं तसं म्हणाला, "बाई, हा पूल आहे. नुसता पूल."

मला कानाच्या पाळीपर्यंत रक्त चढलं. नाके उठून सात महिने झाले होते, मी हजारो मैल लांब आले होते, आणि तरी कुणी न मागता थांबले, वाकले, कार्ड काढलं. आणि मग वाटलं, हे काय फक्त त्या सैनिकांनी शिकवलं मला? कुठं चाललीस, कशाला, कुणाबरोबर. लहानपणी वडील विचारायचे. मग अण्णा. मग वसतिगृहाची बाई. मग कारकून. मी आयुष्यभर प्रत्येक पुलाच्या तोंडाशी कारणं दाखवत आले. आईचं आजारपण दाखवलं, मुंज दाखवली, वर्षश्राद्ध दाखवलं. माझी पर्स कारणांनी भरलेली होती. शी!

मी कार्ड पर्समध्ये टाकलं, चेन ओढली आणि पूल ओलांडला. पलीकडं गेले आणि वळून परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. काही काम नव्हतं पलीकडं, अलीकडंही नव्हतं. शिपाई आधी हसले, मग हसायचे थांबले. तिसऱ्या की चौथ्या खेपेला मला रडू फुटलं, पण मी थांबले नाही, पांढरे बूट वाजवत रडत रडत जात-येत राहिले. शेवटी पुडेवाल्यानं पुडा पुढं केला. तळलेले छोटे मासे होते. मी दोन घेतले आणि खात खात निघून गेले.

त्यानंतरचे दिवस मी काही म्हणता काही केलं नाही. मोठ्या चौकात गेले नाही, राजवाडा बघितला नाही, रांगेत उभी राहिले नाही. सकाळी निघायचं, जी गल्ली समोर येईल तीत शिरायचं, चुकायचं. चुकून एखाद्या बिनपाट्याच्या चौकात यायचं, विहिरीच्या कट्ट्यावर बसायचं. ब्रेड खायचा. तारली मासळी मिळते तिथं, आंबट रसात मुरवलेली, भरपूर कांदा आणि वर बेदाणे. पुढं हे सांगितलं तेव्हा अब्बासभाईंनी कानाला हात लावले. "तारलीत बेदाणे? तोबा! युद्धापेक्षा वाईट."

आणि कपडे बघितले. माझ्या कॅलेंडरची गल्ली मी शोधली नाही, शोधली असती तर ते पुन्हा काम झालं असतं. पण तशा गल्ल्या पावलोपावली होत्या. एका दुपारी एका पुलावर बसले होते तेव्हा समोरच्या खिडकीत एक बाई आली, कप्पीवरची दोरी करकर ओढत तिनं चार चादरी पाण्यावर पसरल्या आणि आत गेली. मला काय घाई होती? मी बसून राहिले. समुद्राकडून वारा येत होता. चादरी आधी जड लोंबल्या, मग हलल्या, मग फडफडायला लागल्या. दोन तासांनी बाई परत आली, कापड गालाला लावून बघितलं आणि घड्या करून आत घेऊन गेली. माझ्या आयुष्यातले हे सगळ्यात बिनकामाचे दोन तास, आणि कुणी कितीही काही देऊ केलं तरी मी ते परत देणार नाही.

परत आले ती हात हलवत. खोकं नाही, दोरी नाही, कुणासाठी साबणाची वडीही नाही. विमानतळावर अब्बासभाईंनी माझी हलकी बॅग उचलून बघितली आणि म्हणाले, "बाय, सगळं तिकडंच ठेवून आलीस वाटतं." आकाश अजून मळकट होतं.

आठवडाभरानं, अर्धा ऑक्टोबर उलटल्यावर, लॅबच्या दारात काळा अबाया दिसला. उम्म नासर. निम्मी झाली होती. बोटांवर मेंदी नव्हती. नासर बरोबर नव्हता. पूर्वी तोच तिला आणायचा, गाडीची किल्ली बोटावर फिरवत दारात उभा राहायचा. तिनं काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नाक्यांचं वर्ष काढलेली माणसं आम्ही, कुठला प्रश्न कुणाला विचारायचा नाही एवढं कळत होतं.

ती खुर्चीत बसली, बाही वर केली. मी दंडाला रबर बांधलं. सवयीनं तिची मान भिंतीकडं वळली. तिथं चिकटपट्टीचे चार तुकडे होते, पिवळे पडलेले.

"कुठं बघू?" तिनं विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

"माझ्याकडं बघा," मी म्हणाले. "मी जाऊन आलेय."

तिनं बघितलं. 

"एकटी?"

"एकटी."

"कशाला?"

"बस, चिदी."

तिच्या तोंडाची एक बाजू हलली. "आणि ते कपडे?"

"वाळतात, उम्म नासर. मी स्वतः बसून बघितलं. दोन तासांत कडकडीत वाळतात."

"वल्ला?"

"वल्ला. शपथ."

ती हसली. अगदी थोडं, पण दात दिसले. "सांग," म्हणाली. मी सांगत राहिले, ती माझ्याकडं बघत राहिली, आणि सुई केव्हा आत गेली, केव्हा बाहेर आली, ते तिला कळलंसुद्धा नाही.